अजगराचं कपाट

मंदीने फेब्रुवारीत शैलेंद्रची नोकरी खाल्ली आणि माणूस सोफ्याला चिकटला तो चिकटलाच. छायाने काहीही म्हणावं, हा आपला "बरं" म्हणणार. भांडला असता तर तिला सोसलं असतं. भिंतीशी माणसाने किती बोलायचं?

जुलैत त्याच्या जुन्या ऑफिसातला एक गोरा साहेब दुबई सोडून निघाला आणि जाता जाता पाळलेला अजगर यांच्या गळ्यात मारून गेला. दोन हात लांब, बिनविषारी, नाव चार्ली. छायाने कपाळावर हात मारला. नऊ वर्षांची लेक अवनी मात्र त्याच्यापुढून हलेना.

प्लास्टिकच्या खोक्यात चार्ली काही खाईना. एसी लावला की गारठायचा, बंद केला की दुबईच्या करामा भागातल्या त्या खोलीची भट्टी व्हायची. "त्याला एक कोपरा उबदार हवा, एक गार. हवं तिथे जाऊन बसेल," शैलेंद्र म्हणाला आणि चक्क उठला. इंजिनिअरच तो. पुस्तकांचं जुनं कपाट आडवं पाडलं, पुढे सरकती काच बसवली, गरम दिवा आणला. दोन दिवसांत फक्त हवेची आणि वायरची भोकं राहिली.

तिसऱ्या दिवशी ड्रिल हातात घेतलं तर छाया आडवी आली. "अहो, आज नागपंचमी. आज चिरायचं नाही, खणायचं नाही. माझी आई तवासुद्धा चढवायची नाही. आणि तुम्ही नागाच्याच घराला भोकं पाडताय?"

"बरं," शैलेंद्र म्हणाला. ड्रिल खाली ठेवून सोफ्यावर जाऊन बसला.

छायाने पाटावर नाग काढला, हळदकुंकू वाहिलं, दुधाची वाटी खोक्यापुढे ठेवली. साप दूध पीत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण सणासुदीला अक्कल पाजळायची नसते.

दुपारी अवनी म्हणाली, "मम्मा, ही इज नॉट मूव्हिंग."

छायाने हात लावला. एसीने गारगार, लुळा. तिने नवऱ्याकडे पाहिलं. शैलेंद्र टीव्हीकडे बघत होता आणि टीव्ही बंद होता. तिला सापाची काळजी वाटलीच, पण त्याहून जास्त नवऱ्याची. उठलेल्या माणसाला आपणच परत तिथे बसवलं.

तिने ड्रिल उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. "उठा. पाडा भोकं."

"अगं, सण..."

"नागाला मारून कसली नागपंचमी? पाप लागलं तर मला लागू दे."

तिने कपाट धरलं. "असं नाही," शैलेंद्र खेकसला, "सरळ धर. बोट जाईल तुझं." पाच महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्यावर खेकसला होता. छायाने मुकाट्याने सरळ धरलं.

संध्याकाळी चार्ली हळूहळू दिव्याखाली सरकला. शैलेंद्र किती तरी वेळ काचेपुढे उकिडवा बसून होता.

"काचेला कुलूप हवं," तो म्हणाला. "उद्या रास अल खोरच्या बाजारात जाऊन घेऊन येतो. सहाला उठव मला."

छाया हो म्हणाली, स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.