स्क्रूचा पाव वळसा

नसाम्बू मॅडमना कुणी मदत मागितली नव्हती. त्याच आगाऊपणा करून बसल्या.

बुंगोमा गावच्या शाळेत मुलींचं विज्ञान मंडळ त्यांनीच काढलेलं. दर शुक्रवारी घसा फोडून सांगायच्या, "पोरींनो, आपल्या हातावर भरवसा ठेवा!" मंडळातल्या नेकेसाने तो ठेवला. जुन्या रेडिओच्या सुट्या भागांतून तिने यंत्र बनवलं. मका साठवण्याइतका वाळला असेल तर हिरवा दिवा, ओला असेल तर लाल. दिवा कधी बदलायचा, ते ठरवणारा स्क्रू तिने आजीच्या रीतीने पडताळून बसवला होता. बाटलीत मका आणि कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं, तर मका ओला.

प्रदर्शनाच्या सकाळी मुली चहा आणि तळलेली गोड मंदाझी घ्यायला गेल्या आणि मॅडमचा जीव खालीवर होऊ लागला. परीक्षक पडले इंजिनिअर, आणि ही सांगणार आजीचं मीठ! हसं होईल पोरीचं. त्यांनी पुस्तकातला आकडा बघितला आणि स्क्रू पाव वळसा फिरवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

परीक्षकांनी नेकेसाकडून मिठाची रीत ऐकून घेतली आणि पोत्यातला मका यंत्रात ओतला. दिवा हिरवा.

"आता ती बाटली दाखव बघू," ते म्हणाले.

नेकेसाने बाटली हलवली. मीठ काचेला घट्ट चिकटलं.

शेजारच्या टेबलावरचे मास्तर खिदळले. "या मक्याला बुरशी लागल्यावर खाणार कोण? तुझी आजी?"

"माझंच चुकलं, सर," नेकेसा म्हणाली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मॅडमना झालं. तेवढ्यात परीक्षक पुढे गेलेसुद्धा.

नेकेसा यंत्र पिशवीत भरू लागली. "मॅडम, यापुढे मी फलक रंगवत जाईन. स्क्रू-बिक्रू दुसऱ्या कुणाला द्या. माझ्या हाताचा काही भरवसा नाही."

आता मात्र मॅडमना राहवेना. "अगं, स्क्रू मी फिरवला. तुम्ही चहाला गेलात तेव्हा."

नेकेसा बघतच राहिली. "मग दर शुक्रवारी सांगायचात, ते?"

मॅडमची मान खाली गेली. परीक्षक तीन टेबलं पुढे पोचले होते. लाजेने कानशिलं तापली, तरी त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सर, परत या! पोरीचं बरोबर होतं. मी तिच्या माघारी स्क्रू फिरवला."

सगळे मॅडमकडे वळून बघू लागले. नेकेसाने मात्र बघितलं नाही. ती पिशवीतून यंत्र काढून स्क्रू पाव वळसा मागे फिरवत होती.