तपासणीचा गुडघा

मुख्याध्यापिकाबाईंनी हयातभर शाळा तपासणीसाठी सजवली. साहेब येणार म्हटलं की फुटक्या खिडकीपुढे नकाशा टांगायचा, वांड पोरांना सहलीला धाडायचं, आणि साहेब ‘उत्तम’ म्हणाले की हुश्श करायचं. निवृत्तीनंतर सजवायला त्यांच्याकडे उरला होता एक गुडघा; तोही धातूचा.

सांधा बदलल्यावर सूज येणारच, असं सर्जन म्हणाला होता. शरीराचे पहारेकरी परक्या वस्तूभोवती जमतात, चौकशी करतात आणि हळूहळू पांगतात. बाईंचे पहारेकरी काही पांगले नाहीत. महिने उलटले तरी गुडघा संध्याकाळी तव्यासारखा तापे, जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. दवाखान्याच्या दिवशी मात्र बाई सकाळीच त्यावर बर्फ ठेवत, सूज उतरवणाऱ्या गोळ्या दुप्पट घेत. डॉक्टरांपुढे असला अजागळ गुडघा न्यायचा कसा?

“आई, तू डॉक्टरला दाखवायला जातेस की त्याच्यापासून लपवायला?” अशाच एका सकाळी मुलगी कडाडली. “सांधा आतून सैल होत गेला तर पुन्हा कापतील. आज बर्फ नाही!”

बाईंनी मान डोलावली. मुलगी आंघोळीला गेली आणि हात सवयीने बर्फाकडे वळले.

सर्जनने गुडघा दाबला, वाकवला. “झकास! सूज नाही, ऊब नाही. आजी, आता नाचा!”

“दुखण्याने झोप लागत नाही हो.”

“वय आहे. मनावर घेऊ नका.”

नकाशा उचलून पाहण्याची तसदी याही साहेबाने घेतली नाही. विद्वत्तेला वाकायचा सराव नसतो.

“डॉक्टर, मी बर्फ लावून आलेय. गोळ्याही घेतल्यात. दर वेळी घेते.”

मुलीने कपाळाला हात लावला. सर्जन हसला. “मग पुढच्या महिन्यात न घेता या.” आणि त्याने पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

बाहेरच्या बाकावर बाईंनी, चारचौघांदेखत, साडी गुडघ्याच्या वर सरकवली.

“आई, चल आता.”

“नाही. गोळीचा अंमल उतरेपर्यंत हलणार नाही. जाताना याच दारातून जाईल ना तो?”

बाक एकेक करत रिकामे झाले. पलीकडच्या टोकाचे दिवे मालवले गेले. बाईंनी तळवा गुडघ्यावर ठेवला. गारच.

“ये गं,” त्या सुजेला पुटपुटल्या, “आता तरी ये.”

आत सर्जनची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.