अव्वाचा तेलाचा हात

जयसिंगपुरात एका घराच्या मागच्या पडवीत, ताडपत्रीखाली, टाकीवरचा रंग उडालेली एक मोटारसायकल उभी आहे. ती मीच, मित्रांनो. आता मला कुणी किक मारत नाही. पण एके काळी माझा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की घरात चहाचं आधण चढायचं.

कारखान्यात माझे भाग जुळले, ते मला फारसं आठवत नाही. आठवतो तो कोल्हापूरच्या दुकानातला दिवस. चौऱ्याण्णव साल होतं. राजशेखर नावाचा तरुण कापडदुकानदार मला घ्यायला आला होता. त्याची बायको सुष्मिता माझ्या सीटवर बसून म्हणाली, "मागं बसून फोटो काढता येतील की." मला ती तेव्हाच आवडली.

सुष्मिताला फोटोंचं भारी वेड. भावानं दिलेला रोलचा कॅमेरा ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायची. शहाणी माणसं पाऊस संपल्यावर फिरायला जातात. ही दोघं मात्र परतीचा पाऊस अंगावर घेत पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जायची. तिथली फुलं इतकी बुटकी, की सुष्मिता ओल्या गवतात पालथी पडून फोटो काढायची आणि राजशेखर तिच्यावर छत्री धरून उभा राहायचा. मी बाजूला भिजत असे, पण माझी तक्रार नव्हती.

घरात राजशेखरची आई होती, शांतादेवी. तिला सगळे अव्वा म्हणत. अव्वाला ही भटकंती मुळीच पसंत नव्हती, पण माझ्यावर तिचा जीव होता. खंडेनवमीला घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा होते. आमच्याकडे कापड मोजायचा गज, कात्री, कॅमेरा आणि मी, असे सगळे पूजेला असायचो. अव्वा मला स्वतःच्या हातानं धुवायची, झेंडूची माळ घालायची. एका वर्षी तिला माझे टायर पांढरट वाटले. तिनं वाटीत शेंगतेल घेतलं आणि दोन्ही टायर चोळून चोळून काळेभोर केले. गल्लीतली माणसं बघून गेली. मीही फुशारले, खोटं कशाला सांगू?

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पठाराकडे निघालो. सरळ रस्त्यावर टायरचा मधला भाग घासून कोरडा झाला. कडांवरचं तेल मात्र तसंच राहिलं. पन्हाळ्याच्या चढाला पहिल्या वळणावर मी कलले आणि मागचं चाक किंचित सरकलं. राजशेखरला वाटलं, रस्त्यावर शेण पडलं असेल. मला खरं कारण कळलं होतं, पण मला तोंड कुठे होतं?

वर सुष्मितानं रोल संपवला, तोवर धुकं दाटलं आणि पावसानं जोर धरला. आम्ही उतरायला लागलो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला बसका कठडा, तोही मध्ये मध्ये ढासळलेला. प्रत्येक वळणाला मी जीव मुठीत धरून रस्ता पकडत होते.

"अहो, गाडी हलतीया," सुष्मिता म्हणाली.

"पाऊस हाय, हलणारच की."

पुढच्या वळणावर समोरून एसटीचे दिवे आले. राजशेखरनं मला झटकन कलवलं आणि दोन्ही चाकं एकदम सुटली. सुष्मिता रस्त्यावर फेकली गेली. राजशेखर माझ्याबरोबर फरफटत कठडा ढासळलेल्या जागेकडे निघाला. माझा फूटरेस्ट एका दगडात अडकला आणि आम्ही थांबलो. माझं पुढचं चाक फिरत होतं आणि त्याच्याखाली जमीन नव्हती.

एसटीतल्या माणसांनी धावत येऊन आम्हाला मागे ओढलं. कोपरं सोलली होती, हाडं शाबूत होती. सुष्मितानं माझ्या टायरची कड चाचपली आणि बोट नाकाशी नेलं. शेंगतेलाचा वास तिनं लगेच ओळखला.

"घरी जाऊन विचारतो अव्वाला," राजशेखर संतापानं म्हणाला.

"विचारू नका. त्यांच्या जिवाला लागंल. 'तुमच्या हातानं आम्ही मेलो असतो,' हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?"

घरी त्यांनी शेणावरून घसरल्याचं सांगितलं. अव्वानं दोघांवरून मीठमिरच्या उतरवल्या, माझ्यावरूनही उतरवल्या. "पूजा नीट केलतो म्हणून वाचलासा," ती म्हणाली. दोघं गप्प राहिली. ते गप्प राहणं तेव्हा मलाही मायेचंच वाटलं.

पुढच्या खंडेनवमीला अव्वानं पुन्हा वाटी घेऊन माझे टायर चोळले. पूजा उठली की माझे टायर गुपचूप सोड्यानं धुवायचे, असं नवराबायकोचं ठरलं होतं. तेवढ्यात शेजारचा अमरसिंह आपली नवी गाडी ढकलत दारात आला.

"अव्वा, माझ्या गाडीला पण लावा की. उद्या आईला मागं बसवून जोतिबाला निघालोय."

बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. राजशेखरनं मान खाली घातली. अव्वानं तेलात बोटं बुडवली आणि हात नव्या टायरकडे नेला. सुष्मिता पुढे झाली आणि तिनं अव्वाचं मनगट धरलं.

"अव्वा, नको. गेल्या वर्षी आम्ही ह्या त्यालानंच पडलो. दरीच्या काठावर गेलतो."

अव्वानं तेलाची वाटी खाली ठेवली.

"वर्षभर मला कळू दिलं न्हाईसा," ती म्हणाली. "उद्या ह्याची आई दरीत गेली असती, तर मी कुणाला तोंड दावणार होतो?"

सुष्मिता रडायला लागली. अव्वानं तिची समजूत काढली नाही. तिनं सोडा आणि ब्रश मागवला, माझ्यापुढे बसली आणि एकटीनं माझे टायर घासून काढले. राजशेखर मदतीला आला, त्याला तिनं कोपरानं दूर सारलं. पुढे किती तरी दिवस ती दोघांशी कामापुरतंच बोलत होती.

मित्रांनो, चेन, ब्रेक, टायर वेळच्या वेळी बघत चला, एवढं कुठलीही जुनी गाडी तुम्हाला सांगेल. माझं मागणं आणखी एक आहे. तुमच्यावर माया करणारं माणूस चुकत असेल, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. त्या घाटात मला सगळं कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.