आतलं माप

रहीम मिस्त्रीचं कार्ड पुंजाजी गुरुजींना तोंडपाठ झालं होतं. फाल्गुनात आलेलं ते कार्ड त्यांनी शब्दकोशात दडवलं होतं, आणि शब्दकोश तर त्यांना रोज उघडावा लागे.

'गुरुजी, तुम्ही लिहिता तशी दोन काचांची खिडकी मी कधी केली नाही. पण करीन. एक दिवस आधी येऊन माप घेईन, आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून मीच. मातीची भिंत खाली-वर सारखी नसते, एका मापावर भागत नाही. सागवान धरून ठेवलं आहे. हो की नाही, तेवढं कळवा.'

रहीम मालेगावचा. गुरुजी तिथल्या शाळेत होते तेव्हा बाकं दुरुस्त करायला येई आणि दुपारी त्यांच्या घरात बसून भाकर खाई. थंड मुलखात खिडकीला काचेचे दोन थर लावतात, हे गुरुजींनी एका पुस्तकात वाचलं होतं आणि भीतभीतच त्याला लिहून विचारलं होतं.

त्यांना ती खिडकी हवी होती बायकोसाठी, भागिरथेसाठी. गावी त्यांचं घर बौद्धवाड्याच्या टोकाला, रुळांच्या बाजूला. तिला दमा. खिडकीची जुनी फळकुटं वाळवीनं खाल्लेली. उघडी ठेवली की इंजिनाची काजळी तिच्या अंथरुणावर येई, बंद केली की अंधारात तिचा जीव घाबरा होई.

उत्तराचे चार मसुदे गुरुजींनी लिहिले. एकही टपालात टाकला नाही. कारण गावात ग्यानबा सुतार होता. हातानं चांगला. गावातलं काम गावातल्या माणसानं करावं, असं गुरुजी स्वतःला सांगत राहिले.

चैत्रात ग्यानबा आला आणि अंगणात उभा राहिला.

"रामराम गुरुजी. कोनती खिडकी?"

"आत या ना, आतून दाखवतो."

"बाहेरून दिसते की."

ओट्यावर ठेवलेला चहा निवला. "आत्ताच पिऊन आलो," ग्यानबा म्हणाला. मग त्यानं सुतळीचं टोक गजांतून आत सरकवलं. "आतलं माप तुमीच घ्या. माह्या पायाले माती हाय."

महिनाभर पाऊस नव्हता. ग्यानबाचे पाय गुरुजींच्या पायांइतकेच कोरडे होते. गुरुजींनी सुतळी धरली, मापावर गाठ मारली आणि परत दिली. त्यांनी फक्त खालच्या रुंदीचं माप घेतलं. वरचं घ्यायचं सुचलं नाही, की सुचूनही ग्यानबाला सांगवलं नाही, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

वैशाखात ग्यानबानं बाहेरची काचेची चौकट बाहेरूनच बसवली. आतली त्यानं उंबऱ्यावर ठेवली. ती वरच्या बाजूला तीन बोटं अपुरी निघाली.

"गाठ तुमीच बांदली होती, गुरुजी," तो म्हणाला. "घ्या आतून ठोकून कोनाकडून."

ते खोटं नव्हतं. गुरुजींनी चौकट उचलून आत नेली. आतली चौकट भिंतीला टेकून राहिली. बाहेरच्या चौकटीच्या कडेच्या फटीत त्यांनी चिंध्या कोंबल्या. पावसाळ्यात त्या भिजून कुजल्या, भिंतीला ओल आली, आणि काजळी यायची ती आलीच. आश्विनात भागिरथेला वाशिमच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवावं लागलं. डॉक्टरनं सोडताना एकच सांगितलं: धूळ आणि ओल, दोन्ही बंद करा, पुन्हा असा झटका तिला झेपणार नाही.

घरी आल्यावर ती बाजेवर बसूनच असे. पडलं की श्वास अडके. एका सकाळी गुरुजींनी शब्दकोश उघडला तेव्हा ती म्हणाली, "कायले लपवून राह्यले ते कारड?"

"कसलं?"

"मले वाचता येत नाही. पन रहीमभाईचं हाय हे समजते."

"माझंच चुकलं. गाठ मीच..."

"गाठीचं नाव नका सांगू मले." तिनं दम घेतला. "तुमाले खिडकी पायजे नोती. तुमाले ग्यानबा आत यायले पायजे होता." खोकल्याची उबळ आली, गेली. "जो आत यायले तयार, त्याले उत्तर नाही. जो उंबऱ्यावर पाय ठेवत नाही, त्याची वाट पाहून राह्यले तुमी. ते बी माह्या छातीवर."

गुरुजींना तिच्याकडे बघता आलं नाही. त्यांनी कोरं कार्ड घेतलं. या खेपेला मसुदा केला नाही.

'रहीमभाई, आठ महिने उत्तर दिलं नाही. गावातला सुतार माझ्या घरात यावा, असं मला वाटत होतं. तो आला नाही. आतलं माप मी घेतलं, ते चुकलं. भागिरथा फार आजारी आहे. सागवान एव्हाना गेलं असेल. जे लाकूड असेल त्याचं करा. तुम्ही हो की नाही विचारलं होतं. हो.'

टपालपेटी स्टेशनाजवळ. वाटेत ग्यानबा दारात रंधा मारत बसला होता.

"रामराम गुरुजी. खिडकी बरी हाय ना?"

'बरी आहे' हे शब्द सवयीनं ओठांपर्यंत आले.

"नाही, ग्यानबा," गुरुजी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की ऐकू गेला की नाही, कळलं नाही. रंधा चालूच राहिला.

पेटीपाशी त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. मसुदे करायच्या सवयीनं एक शब्द बदलावासा वाटला. पेन घरी राहिलं होतं. त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.