माझ्या अंगावरचे दोन दोन

मित्रांनो, मी दोन रुपयांचं एक जुनं, झिजलेलं नाणं आहे. सध्या दौंड स्टेशनाबाहेर चहाच्या गाडीवरच्या डब्यात असतो.

टांकसाळीत ज्या पोलादी ठशानं मला ठोकलं, त्या ठशावर आकडा उमटवताना तो दोनदा दाबला गेला, आणि दुसऱ्यांदा केसभर सरकला. म्हणून माझ्या दोनाच्या पाठीला चिकटून आणखी एक दोन आहे. त्या ठशाखालचे आम्ही सगळे भाऊ असेच. कुठं पांगले, कोण जाणे.

बरीच वर्षं मी हातोहात फिरलो. निरखून कुणी पाहिलं नाही. मग मांडवगण फराटा गावच्या सोजराबाईंच्या पदरात आलो. तेव्हा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पट्टी निघाल्यावर नाणी जमवणाऱ्या नातीनं, हर्षदानं, मला त्यांच्यासमोर धरलं.

"आजी, आकडा किती?"

"दोन दोन दिसत्यात," सोजराबाई म्हणाल्या. "डोळा वाया गेला गं माझा."

"आन् मी किती दिसते?"

"तू एकच हायेस. एकच पुरं हाय."

हर्षदानं भिंग आणलं, मला उलटंसुलटं केलं आणि हसली. "आजी, डोळा चांगलाय. नाणंच दुहेरी हाय." तिनं शेजारी आकड्याला दुहेरी कड असलेलं दुसरं नाणं ठेवलं. "ठोकताना यंत्र हललं की अशी चपटी पायरी उमटते, तिला किंमत न्हाई. ह्याचा दुसरा आकडा पहिल्यासारखाच फुगीर हाय. दोन्ही आकड्यांच्या टोकांमधी खाच बघ. म्हंजे ठसाच दुहेरी, ह्याला किंमत हाय."

"इका की मग, लाख मिळत्यात म्हणं," शेजारच्या मालनबाई म्हणाल्या.

"मिळंनात का," सोजराबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्याचा साक्षीदार हाय त्यो."

तेव्हापासून त्या रोज सकाळी मला उजेडात धरत. "दोन दोन हायेत. बरं हाय." की परत पदराच्या गाठीत. इतक्या मायेनं मला कुणी वाचलं नव्हतं.

एकदा एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजी, दोन रुपये सुट्टे द्या." गाठीत आम्ही दोघं होतो, मी आणि एक साधा दोनचा. त्यांनी न बघताच बोटांनी चाचपून एक काढला, तो नेमका मी. नजर परत आली होती, पण अंधारातल्या वर्षांची सवय बोटांतून गेली नव्हती. कंडक्टरनं दौंडला चहा घेतला, आणि मी इथं आलो.

आता मला एकच घोर आहे. सोजराबाई सकाळी तो दुसरा उजेडात धरत असतील. त्यावर एकच दोन दिसत असेल.

मित्रांनो, सुट्टे खिशात टाकण्याआधी एकदा नीट बघत जा. मी सापडलो, तर लाखाचं मागाहून बघा. आधी मांडवगणला निरोप धाडा, डोळा चांगला आहे म्हणावं.