पुढाऱ्याच्या सहीवरची कोरी जागा

माझी मोठी जाऊ ओढ्यात पडली तेव्हा मी तिच्या दोनच पावलं मागं होते. डोक्यावर कणसांचं पोतं, मांडीपर्यंत पाणी, खाली शेवाळलेले दगड. ती पडली, आणि त्या दिवसापासून मी तिला सरळ उभी राहिलेली बघितली नाही.

तुम्ही म्हणाल, दारात बैलगाडी असताना बायका पोती डोक्यावर का वाहतात? तर ऐका. आमचं शेत पुढाऱ्याच्या, म्हणजे गावसभेच्या अध्यक्षाच्या, शेतामागं. मधून गाडी जाईल एवढी पाणंद होती, सासऱ्यांच्याही आधीपासूनची. एका सकाळी बघतो तर तिच्यात खांब रोवलेले आणि तार ओढलेली. शेतात जायला उरला तो ओढाच. माझे थोरले दीर तणतणत गावच्या कचेरीत गेले. कारकुनानं सभेची वही उघडून पुढ्यात ठेवली. ‘पाणंद वापरात नाही, सबब बंद करावी. सर्वानुमते मंजूर.’ आणि खाली दिरांचीच सही!

आमच्या गावची रीतच तशी. सभा कधी भरायचीच नाही. कारकून वही घेऊन दारोदार फिरायचा, पानाच्या तळाशी सह्या घ्यायचा, वरची जागा कोरी. मग पुढाऱ्याच्या ओसरीवर बसून ठराव लिहायचा. आम्हालाही बरं वाटायचं, कामाचा दिवस मोडत नाही म्हणून. मूर्खच आम्ही, दुसरं काय!

पुतणी तेव्हा बारावीत होती. आईच्या कंबरेला शेक देता देता एकदम म्हणाली, “काकू, मी विद्यापीठात जाणार. गावचा कारभार शिकणार.”

“अगं, नर्स हो, मास्तरीण हो. कारभार काय शिकायचा?”

“मला त्या माणसाला त्याच्याच वहीत गाडायचंय,” ती म्हणाली. आवाज एवढा थंड की माझ्या हातातला तवा तसाच राहिला.

गाव पोट धरून हसलं. पुढारी तर पारावरून ओरडून म्हणाला, “शिक बाई, शिक. आमच्या कारकुनाला हाताखाली कुणीतरी हवंच आहे.” पोरगी खाली मान घालून “हो काका” म्हणाली. मला तर त्याच्या मिशा उपटाव्याशा वाटल्या.

तीन वर्षं शिकली. सुट्टीला यायची ती जाडजूड पुस्तकं घेऊन. सभा कशी बोलवायची, किती माणसं लागतात, ठराव कुणी मांडायचा, सगळं मला चुलीपुढं समजावून सांगायची. मला निम्मं कळायचं. मधे तिनं सरळ मार्गानं अर्जही केला. वरच्या साहेबाचं उत्तर आलं, तुमच्या वडिलांची सही आहे, ठराव रद्द करायचा तर सभेनंच दुसरा ठराव करावा. ते पत्र तिनं फाडलं नाही. नीट घडी घालून पुस्तकात ठेवलं.

शेवटच्या वर्षी विद्यापीठ पोरांना दोन महिने एखाद्या कचेरीत कामाला धाडतं. हिनं आपलंच गाव मागून घेतलं. कारकून खूश! फुकटात लिहिणारी मिळाली. आठवड्याभरात त्यानं सह्यांची वही हिच्या काखेत दिली आणि स्वतः झोपायला मोकळा झाला.

पुढाऱ्याची सही सगळ्यांत आधी लागायची. तो दाढी करत होता. “कुठं करू?” म्हणाला, आणि साबणाच्या हातानं फराटा ओढला. वर बघितलंसुद्धा नाही.

मग आम्ही दोघी घरोघरी गेलो. आमच्या लेकीनं कारकुनासारखं केलं नाही हो. दरवाजा लावून प्रत्येकाला सांगितलं, “वर मी पाणंद उघडायचा ठराव लिहिणार आहे. पटत असेल तरच सही करा.” एकानं जरी चुगली केली असती तर संपलो होतो. पण कुणाची विहिरीवरची पाळी गेली होती, कुणाच्या अंगणातून गटार काढलं होतं, सगळं असंच कोऱ्या पानावर. एका म्हातारीनं तर अंगठा दोनदा उमटवला. पुरेशा सह्या झाल्या.

मग घरी बसून पोरीनं लिहिलं, अगदी छापल्यासारखं. ‘पाणंद खुली करावी. अध्यक्षांनी स्वतः हजर राहून आपल्या हातानं तार काढावी. सूचक, स्वतः अध्यक्ष.’ नक्कल त्याच दिवशी वरच्या कचेरीत देऊन पोच घेतली.

चौथ्या दिवशी पुढारी आमच्या दारात. तोंड लालबुंद. “कार्टे, ही सभा झालीच नाही!”

“बरं,” पोरगी म्हणाली. “असं साहेबांपुढं सांगा. मग पाणंद बंद केली ती सभा कधी झाली होती, तेही सांगा. मागच्या सगळ्या वह्या मी काढून ठेवल्यात.”

तो आला तसा चपला घासत माघारी वळला. देवाशपथ सांगते, चार वर्षांत मला एवढं सुख झालं नव्हतं.

तार काढताना बघायला वरच्या कचेरीतला माणूस आला, अख्खं गाव आलं. पुढारी खांब हलवत होता, घामानं निथळत होता. दिरांना दया आली, ते हात लावायला पुढं झाले.

“बाबा, मागं व्हा,” पोरगी म्हणाली. “ठरावात तुमचं नाव नाही.”

शेवटचा खांब निघाला. कारकुनानं ‘काम पूर्ण’ म्हणून सहीला वही पुढं केली. पुढाऱ्यानं पेन घेतलं, टेकवलं, आणि उचललं. खिशातून चष्मा काढला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर वाचायला लागला. भर उन्हात सगळं गाव ताटकळत उभं.

माझी जाऊ वाकल्या कंबरेनं बांधावर टेकली. “वाचा, सावकाश वाचा,” ती म्हणाली. “मलाही कुठं उठवतंय?”