मागच्या सीटचा हट्ट

मोटरसायकल शिकायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. चोवीस वर्षं मी लाइलच्या मागे बसले, त्याच्या पट्ट्यात बोटं अडकवून, आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही. पण नवऱ्याच्या छातीत दगड बसला. त्याला स्वतःची गाडी स्टँडवरून सरळ उभी करता येईना, तेव्हा त्याने ती विकली. घेणारा माणूस कोपऱ्यावरून वळून दिसेनासा होईपर्यंत लाइल फाटकाशी उभा होता. मग म्हणाला, "चहा टाक, ग्लेनिस."

दगड बसला म्हणजे काय, ते सांगते. तुमच्या स्वयंपाकघरात तो चकचकीत ओटा असतो ना, कारखान्यात बनवलेल्या दगडाचा, तो कुणीतरी कापलेला असतो. आमच्या लिथगो गावात एका पत्र्याच्या शेडमध्ये लाइलने तो अकरा वर्षं कापला. कापताना करवतीवर पाणी सोडायचं, असा कायदा आहे. पाण्याने काम हळू होतं, चिखल होतो, म्हणून मालक म्हणायचा कोरडंच काप. तोंडाला कागदी मास्क. लाइल घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या, कान पांढरे. मी हसायचे. "आला माझा म्हातारा," म्हणायचे. अकरा वर्षं हसले मी त्या धुळीला. मग त्रेपन्नाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "वर्षभर. कदाचित थोडं कमी."

फेब्रुवारीतली गोष्ट ती. घरी येताना गाडीत मीच बोलले, "मी मोटरसायकल शिकते. तू मागे बस. आपण टरानाला जाऊ."

टरानाला एक जुना पब आहे. दर रविवारी आम्ही तिथे जायचो, रायडलवरून, वळणावळणाच्या रस्त्याने. मटणाची पाई खायचो, मैद्याच्या पारीत मटण भरून भाजलेली, वर रश्शाचा थर, आणि परत यायचो. आमचं देवदर्शन म्हणा.

लाइल खोकला येईपर्यंत हसला. "तू? तुला सुपरमार्केटची ट्रॉली सरळ ढकलता येत नाही."

"ट्रॉलीचं चाक वाकडं होतं."

"दर वेळी?"

दोन सकाळींचा सरकारी शिकवणीवर्ग मी केला. शिकवणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा, मला मुलगा असता तर. दोनदा गाडी पाडली, तिसऱ्यांदा सावरली. शेवटी हातात पिवळी पाटी मिळाली, तिच्यावर काळा एल, म्हणजे शिकाऊ. ती मागे लावायची आणि नव्वदच्या वर जायचं नाही. आणि एल असेपर्यंत मागे कुणाला बसवायचं नाही. तीन महिने. मग परीक्षा. मी बोटांवर मोजलं. मार्च, एप्रिल, मे. जूनमध्ये परीक्षा, जूनमध्ये टराना. नियमांचं पुस्तक बरंच जाड होतं. परीक्षेनंतरची पानं मी परीक्षेनंतर वाचणार होते.

गाडी घ्यायला आम्ही बेव्हनच्या दुकानात गेलो. बेव्हन लाइलचा रविवारचा सोबती, पोट टाकीवर टेकवून गाडी चालवणारा. लाइलच्या नाकात नळी, खांद्याला प्राणवायूचं यंत्र. बेव्हनने त्याला खुर्ची दिली आणि यंत्राकडे बघितलंच नाही. तेवढी अक्कल त्याला आहे.

"या वहिनी. कुणाला घाबरवायचंय?"

"तुलाच. क्रूझर दाखव."

"शिकणाऱ्याला क्रूझर बरी. बूड खाली असतं, पाय जमिनीवर सपाट टेकतात. पण वजन असतं बरं का. पळताना लोणी, पार्किंगमध्ये म्हैस."

शिकाऊंना चालणाऱ्या गाड्यांची सरकारची यादी आहे. तिच्यातल्या तीन त्याच्याकडे होत्या. पहिलीचं हँडल इतकं उंच की मी बसले तर हात वर करून शरण आल्यासारखी दिसत होते. लाइल म्हणाला, "पोलिसांचे श्रम वाचतील." दुसरी काळी, बुटकी, देखणी. तिच्यावर बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली, सांभाळता आली. माझ्या पाच फूट एक इंचाला माप घेऊन शिवल्यासारखी.

"हीच," लाइल म्हणाला.

मी मागे हात फिरवला. मागे काही नव्हतं. एकच सीट, मग नुसतं मडगार्ड.

"तू कुठे बसणार?"

"ग्लेनिस, गाडी तुझी आहे. तुझे पाय बघ."

"मी विचारलं तू कुठे बसणार."

तो बेव्हनकडे बघायला लागला. बेव्हन जमिनीकडे. तिसरी गाडी कोपऱ्यात होती, लाल, तीस किलोने जड, सीट उंच. तिच्यावर मी बसले तर फक्त चवडे टेकत होते. पण मागे रुंद सीट होती आणि पाठ टेकायला दांडीवर बसवलेली उशी. आजारी माणसाला बसता येईल अशी.

"ही," मी म्हणाले.

"वहिनी, प्रामाणिकपणे सांगतो, ही तुमच्यासाठी नाही. सिग्नलला उतार लागला की पडाल."

"मग पडेन."

"अगं, काळी घे ना," लाइल म्हणाला. "वर्षानुवर्षं चालवशील. तुला एकटीला ती..."

"एकटीला हा शब्द परत काढलास तर तुला इथेच सोडून जाईन."

यंत्र तेवढं फुसफुसत होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बघणं मला दिसलं होतं. मला वाटलं, बाईच्या हट्टापुढे दोन पुरुष हरले. मग लाइल म्हणाला, "लाल काढ, बेव्हन. बाईसाहेबांची मर्जी."

रोज कामावरून आल्यावर मी सराव केला. वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करते मी, दिवसभर ओल्या चादरी उचलते, दंड माझे कमजोर नाहीत. तरी ती लाल गाडी माझ्या ताब्यात नीट कधी आलीच नाही. रस्त्यावर पळायला लागली की ठीक. पण थांबताना, वळून उभी करताना, चवड्यांवर तिचा सगळा भार यायचा. तिसऱ्या आठवड्यात पोस्टासमोर आडवी केली. पोस्टाच्या बाईने आणि मी मिळून उचलली. लाइल अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि सूचना द्यायचा. "नजर जिथे, गाडी तिथे. चाकाकडे काय बघतेस, ते पळून जात नाहीये." मार्चमध्ये तो फाटकापर्यंत चालत यायचा. एप्रिलच्या शेवटी दारापर्यंत.

मे महिन्यातल्या एका रविवारी ऊन चांगलं होतं. मी गाडी पुसत होते आणि बडबडत होते की पाच आठवडे राहिले, परीक्षा झाली की त्याच दिवशी टराना, पाईवर टोमॅटो सॉस की नुसता रस्सा ते आताच ठरव.

लाइल म्हणाला, "ग्लेनिस, परीक्षेनंतर लगेच पक्कं लायसन्स नाही, लाल पीची पाटी मिळते."

"मग?"

"लाल पीला एक वर्ष मागे कुणी बसवता येत नाही."

मी फडका हातात धरून उभी राहिले. "तुला केव्हापासून माहीत?"

"गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं."

"दुकानात माहीत होतं?"

"हो."

"बेव्हनला?"

"तो तर गाड्याच विकतो, त्याला कसं माहीत नसेल."

"मग बोलला का नाहीस, मेल्या!"

तो जरा वेळ श्वास गोळा करत राहिला. "तू माझ्यासाठी सीट शोधत मागे हात फिरवत होतीस," म्हणाला. "मला नाही म्हणवलं नाही."

मग त्याने विचारलं. लाजत विचारलं, एखाद्याने उष्टं मागावं तसं. "आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत नेतेस? रविवार आहे. कुणी नाही रस्त्यावर."

मी नाही म्हणाले.

लोकांना मी सांगते की कायद्याची भीती वाटली. दंड, पाटी काढून घेतली असती, वगैरे. लोक मान हलवतात. खरं ते नाही. खरं हे की एकटी चालवतानाही ती गाडी मला पेलत नव्हती, आणि मागे एक माणूस बसला की मी कोपऱ्यावर तिला पाडणार हे मला माहीत होतं. काळी घेतली असती तर मागे बसायला जागा नव्हती. लाल घेतली तर बसवायची ताकद नव्हती. कायद्याचं पुस्तक मी पदरासारखं तोंडावर ओढलं. लाइलच्या मालकाने अकरा वर्षं रोज कायदा मोडला, भरदिवसा, दार सताड उघडं ठेवून, त्याला कुणी काही विचारलं नाही. आणि मी, आयुष्यात एकदाच मोडायची वेळ आली, तर शहाण्या मुलीसारखी हात बांधून उभी राहिले.

"बरं," लाइल म्हणाला. "निदान बसू तर दे."

गाडी स्टँडवर होती. मी पुढे बसले, मागून त्याला चढायला सात-आठ मिनिटं लागली. मी इंजिन सुरू केलं, गिअर न टाकता. त्याने माझ्या पट्ट्यात बोटं अडकवली. हात इतके हलके की मी खाली बघून खात्री केली.

"आता हायवे," तो माझ्या कानाशी म्हणाला. "इथे ट्रक असतात, डावीकडेच राहा. पुढे रायडलचा फाटा. आधीच गिअर उतरव, तिथे खडी असते... उतरवला?"

"उतरवला."

"आता रेल्वेचा पूल. गाई आल्या डाव्या हाताला, दरवेळी असतात, वेड्या. आता मोठं वळण. बाहेरून घे, नजर लांब." आणि तो कलला. उभ्या गाडीवर, अंगणात, त्याचं अंग डावीकडे कललं, मीही कलले, आणि स्टँडवर गाडी कुरकुरली.

टरानाच्या अलीकडे सॉडवॉल्स गाव लागतं, त्याच्या पुढे त्याला खोकला आला. टराना आलं नाही. मी इंजिन बंद केलं आणि त्याला उतरवून आत नेलं.

अठरा दिवसांनी तो गेला, गुरुवारी, जेवणानंतर. परीक्षेला अजून वेळ होता.

आमच्याकडे गाडीवाल्याला गाडीवाले पोचवतात. बेव्हनने सगळ्यांना फोन केले. चाळीसेक जण आले, मोठमोठ्या गाड्या, काहींच्या मागे बायका. शववाहिनीच्या ड्रायव्हरला त्याने सांगून ठेवलं होतं की लांबून जायचं, टरानावरून. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही पहिल्या. शववाहिनीच्या लगेच मागे. तुमच्या वेगाने आम्ही."

"मागे बसवून ने मला, बेव्हन. तुझ्या."

"लाइल काय म्हणाला असता?"

"लाइल काही म्हणत नाही. तेच तर झालंय."

तरी मी बसले त्या लाल गाडीवर. पिवळी पाटी लावून. हायवेला नव्वदच्या आत गेले, डावीकडेच राहिले. रायडलच्या फाट्याला उतार आहे. शववाहिनी वळून पुढे गेली. मला समोरून येणाऱ्या ट्रकसाठी थांबावं लागलं, चवडे टेकले, क्लच चुकला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही. शववाहिनी पहिल्या वळणाआड गेली. गाडी हळूहळू उजवीकडे चालली होती आणि मी तिला दातओठ खाऊन धरून ठेवली होती.

मागे चाळीस गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यातले निम्मे एरवी पुढचा दोन सेकंद थांबला तरी आईबहिणीवर उतरणारे. कुणी हॉर्न वाजवला नाही. कुणी हूं का चूं केलं नाही. सगळे माना खाली घालून, मी लाइलची विधवा आहे म्हणून, वाट बघत राहिले.

एकाने तरी ओरडायला हवं होतं, की चाकाकडे काय बघतेस.